एक किलो केक आर्णीचा की घरचा? एका घरचा पूर्ण हिशेब

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णी तालुक्यातलं, आर्णीपासून अठरा किलोमीटर आत. धाकट्या जावेच्या मुलाचा पाचवा वाढदिवस एप्रिल २०२५ च्या शेवटी आला आणि केक आर्णीच्या बेकरीतून आणायचा की घरी करायचा, यावर घरात दोन तट पडले. भाऊजी म्हणत, "गाडीला किक मारली की तासाभरात केक घरात, कायची कटकट?" धाकटीला मात्र घरीच करायचा होता. सासूबाईंनी बेकरीचा भाव ऐकून एकच वाक्य टाकलं, "इतक्या पैशात तं घरभर शिरा होते, बापा." मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचंही मत शिऱ्याच्याच बाजूने होतं, पण पाच वर्षांच्या नातवापुढे ते टिकलं नाही.

मी गावच्या महिला ग्रामसंघाची दप्तरं लिहिते. म्हणून "ताई, तुम्हीच सांगा काय परवडते" असं म्हणत धाकटीने वही माझ्यापुढे सरकवली. घरचा केक स्वस्त पडतो असं सगळेच म्हणतात. ते अर्धं खरं आहे. खालचा केक घरी खरंच स्वस्त पडतो, इतका की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पैसा जातो तो वरच्या क्रीममध्ये. आणि ते परवडेल की नाही, हे तुमच्या हातापेक्षा महिना कोणता आहे आणि उरलेलं क्रीम कुठे जाणार आहे, यावर ठरतं.

बेकरीचा आकडा

आर्णी नागपूर-तुळजापूर महामार्गावर आहे, त्यामुळे बेकऱ्या बऱ्या आहेत आणि यवतमाळपर्यंत जावं लागत नाही. बिनअंड्याचा एक किलोचा साधा क्रीम केक, वर नाव लिहून, ५०० रुपये. मामाजी माळकरी, तेव्हा अंड्याच्या केकचा भाव विचारायचं कारण नव्हतं. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देते आणि पेट्रोल तेव्हा १०५ च्या आसपास, म्हणजे फेरीचे ७५ रुपये. एकूण ५७५.

"मी तसाही बाजाराला जाणारच आहे, पेट्रोल कायले धरता?" हा भाऊजींचा मुद्दा चुकीचा नाही. पण क्रीमचं पाकीट आणायलाही आर्णीलाच जावं लागणार होतं, म्हणून मी फेरी दोन्ही बाजूंना धरली. ज्यांना धरायची नसेल त्यांनी दोन्हीकडून वजा करावी. एकीकडूनच वजा करायची सवय मात्र लोकांना असते.

दोन गोष्टी वहीत पैशांच्या रकान्यात बसत नाहीत, पण त्या मोजाव्याच लागतात. पहिली म्हणजे एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीच्या पार असताना मोटरसायकलवर अठरा किलोमीटर येणारा क्रीम केक. बेकरीवाला डबा देताना सांगतोच की घरी पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. मधल्या अर्ध्या-पाऊण तासाचं काय, ते तोही सांगत नाही. आमच्याकडे लोक डब्याला ओला दुपट्टा गुंडाळतात आणि मागे बसलेला माणूस तो डबा मांडीवर धरून आणतो. तरी खड्ड्यांच्या बाजूला क्रीम घसरलेलं असतंच. दुसरी गोष्ट वजनाची. काही ठिकाणी केक खालच्या पुठ्ठ्यासकट तोलला जातो. आम्ही एकदा घरी आणून पुठ्ठा वेगळा तोलला, तर तो ९० ग्रॅम भरला. तेवढं पुढच्या तुलनेत लक्षात असू द्या.

खालचा केक

धाकटीने प्रिमिक्स वापरलं नाही. प्रिमिक्सचं किलोचं पाकीट साधारण दोनशेला येतं. त्यात मैदा, साखर आणि फुगवणारी पावडर आधीच मिसळलेली असते, आपण फक्त पाणी आणि तेल घालायचं. रोज दोन-चार केक करणाऱ्याला ते सोयीचं, कारण प्रत्येक केक सारखा होतो. घरात मैदा, साखर, दही असताना त्यांचेच पैसे पाकिटातून पुन्हा मोजायचं कारण तिला दिसलं नाही, आणि मलाही.

तिने धरलेलं प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, दळलेली साखर १५० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, सोयाबीनचं तेल १०० मिली, दूध ५० मिली, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, व्हॅनिला इसेन्सचे थेंब. अंडं नसलेल्या केकात दह्याचा आंबटपणा सोड्याशी मिळून वायू तयार होतो आणि केक बराचसा त्यावर फुगतो. म्हणून दही गोड, ताजं असेल तर केक कमी फुगतो. आदल्या दिवशीचं, थोडं आंबटलेलं दही हवं. एप्रिलमध्ये आमच्याकडे दही आंबट व्हायला वेळ लागत नाही, तेवढी एक सोय उन्हाळ्याने केली.

त्याची किंमत: मैदा ९, साखर ७, दही १६, तेल १४, दूध ३, बेकिंग पावडर आणि सोडा ३, इसेन्स ३. एकूण ५५ रुपये. दही-दूध घरच्या म्हशीचं होतं. ते फुकट धरावं असं सासूबाईंचं म्हणणं, पण मी डेअरीला जो भाव मिळतो त्याच्या आसपास धरलं. घरचं म्हणजे फुकट नव्हे. ते विकलं असतं तर पैसे आले असते.

ओव्हन घरात नाही. पाच लिटरच्या कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाशी वाळलेल्या वाळूचा थर दिला, त्यावर जाळी आणि जाळीवर जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा डबा. दहा मिनिटं कुकर तापवून घेतला आणि मग मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी टोचून कोरडी निघाली की झालं. शिट्टी काढायला विसरू नका, कारण इथे वाफ कोंडायची नसते, कोरडी उष्णता हवी असते. तेव्हा नऊशेच्या आसपास असलेलं सिलिंडर १४.२ किलोचं, म्हणजे किलोमागे त्रेसष्ट-चौसष्ट रुपये. एका केकला ८० ग्रॅमच्या आसपास गॅस धरला तर पाच रुपये. विजेच्या ओव्हनमध्ये साधारण एक युनिट जातं. महिन्याचा वापर शंभर युनिटच्या वर गेला की ते युनिट दहा रुपयांपेक्षा महाग पडतं. म्हणजे या एका बाबतीत कुकर जिंकतो.

साठ रुपयांत ६२० ग्रॅम केक झाला, म्हणजे किलोला शंभराच्या आत. गावच्या दुकानात येतो तो साधा स्लाइस केक पाव किलोला साठ, किलोला २४०. इथे चर्चा संपते.

वरचं क्रीम

अमेरिकेत केकवर लावायचं तयार फ्रॉस्टिंग डब्यात मिळतं. झाकण उघडायचं, सुरीने पसरायचं. त्यामुळे तिकडे प्रश्न "घरी फेटलेलं की डब्यातलं" असा पडतो. आमच्याकडे तो डबा कोणत्याही दुकानात नाही. इथे तयार क्रीम म्हणजे किलोचं गोठवलेलं पाकीट. ते बहुधा दुधाचं नसतं, वनस्पती तेल आणि साखरेचं असतं. उणे १८ अंशांवर ठेवायचं, वापरायच्या आधी फ्रिजमध्ये हळूहळू वितळू द्यायचं आणि बर्फाळ थंड असतानाच बीटरने फेटायचं. तेव्हा ते फुगून दुप्पट-तिप्पट होतं. एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही, पाकिटावरच तसं लिहिलेलं असतं.

पाकीट २५० ला मिळालं. किलोच्या केकला, मध्ये एक थर आणि वरून-बाजूने धरून, ३५० ग्रॅम क्रीम पुरतं. वापरलेल्या क्रीमची किंमत ८८ रुपये. पण दुकानदार ३५० ग्रॅम देत नाही. देतो ते अख्खं पाकीट.

सगळी गोम इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. केक करताना तीन तऱ्हेचं सामान आणावं लागतं. काही घरात असतंच: साखर, तेल, दही. काही आणावं लागतं पण उरलेलं टिकतं: बेकिंग पावडरची ४५ रुपयांची डबी कोरडी ठेवली तर पुढचे कितीतरी केक चालते, ३० रुपयांची इसेन्सची बाटलीही तशीच. तिसरी तऱ्हा क्रीमची. उघडलेलं पाकीट तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. म्हणून बेकिंग पावडरचे तीन रुपये धरणं बरोबर आहे, पण क्रीमचे ८८ धरणं ही स्वतःचीच फसवणूक. उरलेलं ६५० ग्रॅम कुठे जाणार हे नक्की नसेल तर पूर्ण २५० त्या एका केकवर पडतात.

आता बाकीचं जोडू. केकचे दोन थर भिजवायला साखरेच्या पाकाचे २ रुपये, मध्ये घालायला एक बैगनपल्ली आंबा २५, खालचा पुठ्ठा १२, क्रीमचा कोन ५.

फक्त वापरलेलं सामान धरलं तर: केक ५५, गॅस ५, पाक २, आंबा २५, क्रीम ८८, पुठ्ठा १२, कोन ५. एकूण १९२ रुपये. घरी केक करणाऱ्या बऱ्याच जणी हाच आकडा सांगतात आणि बेकरीवाल्याला लुटारू ठरवतात.

अख्खं पाकीट आणि आर्णीची फेरी धरली तर तोच केक ४२९ ला पडतो.

आणि पहिल्या केकला तर मैद्याचं किलोचं पुडकं, पावडरची डबी, इसेन्सची बाटली सगळंच विकत आणावं लागलं. त्या दिवशी घराबाहेर गेलेला पैसा ४८७, वर घरातलं सामान ४२ आणि गॅस ५ धरून ५३४. बेकरीच्या ५७५ समोर ४१ रुपयांची बचत. भाऊजींनी हा आकडा वाचला आणि ते वही घेऊन घरभर फिरले.

वजनात मात्र घरचा सरस. केक ६२०, पाक १००, क्रीम ३५०, आंब्याचा गर ८०, म्हणजे पुठ्ठा सोडून साडेअकराशे ग्रॅम.

त्या दिवशी काय झालं

आकड्यांवर निकाल लागला नाही, निकाल लागला माणसांवर. वाढदिवसाला गल्लीतली पोरं आणि त्यांच्या आया मिळून चाळीस जण येणार होते. किलोच्या केकचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे तुकडे केले तर वीस-बावीस होतात. बेकरीचा घ्यायचा तर दोन किलो घ्यावा लागला असता, फेरीसकट १,०७५ रुपये. धाकटीने यावर काढलेला मार्ग मला फार आवडला. कापायचा केक क्रीमचा आणि वाटायचा केक साधा. दुसरा बिनक्रीमचा केक त्याच कुकरमध्ये आदल्या रात्री झाला. मैदा, पावडर, इसेन्स आधीच आणलेलं होतं, त्यामुळे त्याला वरखर्च फक्त ४५ रुपये लागला. वाढदिवसाचा एकूण खर्च ५७९. पोरांना फोटोपुरतं क्रीम दिसलं म्हणजे पुरतं, हातात साधा तुकडा पडला तरी कोणी तक्रार करत नाही. तो तर चिवड्यासोबत आधी संपला.

क्रीम फेटायचं काम पहाटे केलं. साडेचारला वारा जरा थंड असतो आणि त्या वेळी वीज जायची शक्यता कमी. स्टीलचा गंज, म्हणजे खोल पातेलं, आणि बीटरची पाती रात्रभर फ्रिजरमध्ये होती. परातीत बर्फ पसरला. घरचा बर्फ कमी पडेल म्हणून आदल्या संध्याकाळी बर्फगोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणून फ्रिजरमध्ये ठेवला होता. बर्फावर गंज, गंजात क्रीम. बीटर तिच्या माहेराहून आलेलं होतं. सुरुवातीला क्रीम नुसतं फेसाळतं आणि वाटतं की हे काही होत नाही. मग पात्यांच्या रेघा उमटू लागतात आणि मिटत नाहीत. त्यानंतर एक-एक मिनिटाने बीटर बंद करून उचलून पाहायचं. टोक वाकलं तर मध्ये भरायला ठीक. ताठ उभं राहिलं तर फुलं काढायला ठीक. त्याही पुढे फिरवत राहिलं तर क्रीम रवाळ होतं आणि मग सुरी कितीही फिरवा, गुळगुळीत लागत नाही. धाकटी टोक ताठ होताच थांबली आणि गंज बर्फावरून हलवला नाही. बाहेर उजाडायच्या आत केक झाकून फ्रिजमध्ये गेला होता. त्यासाठी फ्रिजचा मधला कप्पा काढावा लागला आणि पाण्याच्या बाटल्यांची जागा गेली. दिवसभर सगळ्यांनी माठाचं पाणी प्यायलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

कुलरचं एक सांगायलाच हवं, कारण नव्या लोकांचा इथे गोंधळ होतो. खोली थंड करून केक सजवू म्हणून कुलरसमोर बसू नका. कुलरचा वारा दमट असतो. साखर ओल धरते, क्रीमवर घामासारखे थेंब येतात आणि रंग ओघळतो. पंखासुद्धा बंद ठेवून, पहाटेच्या कोरड्या हवेत उरकणं बरं. दुपारी तासभर वीज गेली तेव्हा फ्रिज कोणी उघडायचा नाही असा सासूबाईंचा हुकूम सुटला आणि त्या स्वतः फ्रिजसमोर पाट टाकून बसल्या. शिरा हवा होता त्यांना! संध्याकाळी सातला केक कापला तेव्हा क्रीमचा काठ जागेवर होता.

उरलेलं ६५० ग्रॅम क्रीम फ्रिजमध्ये होतं. शेजारच्या घरी दोन दिवसांनी बारसं होतं आणि त्यांनी केक पाहिला होताच. धाकटीने तिथला केक केला. त्याला वरखर्च ८९ रुपये आला, कारण क्रीम, मैदा, पावडर, इसेन्स आधीचंच. शेजारणीने आग्रहाने ३०० रुपये हातात ठेवले. क्रीम आणखी ३०० ग्रॅम उरलं. त्यातलं पोरांनी आंब्याच्या फोडींसोबत खाल्लं आणि शेवटचं वाटीभर फाटलं, ते टाकून दिलं. वहीत शेवटची ओळ अशी आली: खर्च ५७९ अधिक ८९ म्हणजे ६६८, आले ३००, घरच्या वाढदिवसाला पडले ३६८. एक क्रीमचा केक, एक साधा.

बारसं नसतं तर हे ५७९ च राहिले असते. ही गोष्ट मी मुद्दाम ठळक लिहिते, कारण नंतर गावात "तिला साडेतीनशेत झालं" एवढंच पसरलं.

बीटर घ्यावं का

पुढचा प्रश्न लगेच आला. माहेरचं बीटर परत गेलं आणि धाकटीला स्वतःचं हवं होतं. बरं बीटर १,२००, केकचं गोल भांडं १५०, एकूण १,३५०. नोझलचा संच आणि फिरती चकती मी यात धरली नाही. चकतीऐवजी उलट्या पातेल्यावर ताट चालतं.

एक पाकीट आणून एकच केक केला तर केकमागे वाचतात ५७५ वजा ४२९, म्हणजे १४६. बीटर-भांड्याचे पैसे फिटायला दहावा केक उजाडावा लागतो. आमच्या घरात वर्षाला वाढदिवस सहा. म्हणजे दुसरं वर्ष.

तेच एका पाकिटात जेमतेम तीन केक बसवले तर केक पडतो १९२ अधिक फेरीचा तिसरा हिस्सा २५, म्हणजे २१७. वाचतात ३५८. चौथ्या केकलाच पैसे वसूल.

चार आणि दहा यांच्यामधलं हे अंतर कौशल्याचं नाही, फक्त उरलेल्या क्रीमचं आहे. म्हणून मी तिला सांगितलं, बीटर घ्यायचं तर आधी तीन घरं शोध. एकाच आठवड्यात तीन वाढदिवस जुळवणं सोपं नसतं, पण खेड्यात ते अशक्यही नाही. अंगणवाडीच्या ताईंकडे सगळ्या पोरांच्या जन्मतारखा असतातच, आणि आपलं पोर कधी पाच वर्षांचं होणार हे सांगायला कोणत्याही आईला आढेवेढे घ्यावे लागत नाहीत.

राहिला प्रश्न मेहनतीचा. किलोचा सजवलेला केक म्हणजे भांडी घासण्यासकट तीन-साडेतीन तास. एप्रिल-मेमध्ये हे तास रिकामे असतात. धसकटं वेचण्याशिवाय बायांना शेतात फारसं काम नसतं. म्हणून मी तेव्हा मजुरी शून्य धरली. पण हाच केक डिसेंबरात करायचा झाला तर? तेव्हा कापूस फुटलेला असतो. वेचाई किलोला दहा रुपये धरली आणि अर्ध्या दिवसात वीस किलो वेचला, तरी दोनशे रुपये होतात. ते केकवर चढवले तर एकट्या पाकिटाचा केक ४२९ वरून ६२९ वर जातो, म्हणजे बेकरीपेक्षा महाग. तीन केकांच्या हिशेबातलाही २१७ वरून ४१७ वर जातो, तरी तो परवडतो.

म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात हात रिकामे असतात पण क्रीम टिकत नाही, आणि हिवाळ्यात क्रीम टिकतं तेव्हा हात कापसात गुंतलेले. शहरातल्या हिशेबात ही अडचण कुठे दिसत नाही.

डिसेंबरचा केक

माझ्या मुलीचा वाढदिवस डिसेंबरात. तेव्हा आम्ही पाकिटाचं क्रीम आणलंच नाही. हिवाळ्यात लोण्याचं फ्रॉस्टिंग चालतं. एक भाग लोणी आणि दोन भाग दळलेली साखर फेटत राहायची, पांढरं-हलकं होईपर्यंत. हे लाकडी चमच्यानेही होतं, बीटर लागत नाही, फक्त दंड भरून येतो. एप्रिलमध्ये हे करता आलं नसतं, कारण लोणी तिशीच्या थोडं पुढे पाघळतं आणि आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा दिवसाचं तापमान त्याच्या वरच असतं.

साडेतीनशे ग्रॅम फ्रॉस्टिंगला ११७ ग्रॅम लोणी आणि २३३ ग्रॅम साखर. अमूल बटरचा अर्धा किलोचा पुडा तेव्हा २८५ ला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यानंतरचा हा भाव. त्या हिशेबाने लोणी ६७ आणि साखर १० मिळून ७७ रुपये. उरलेला पुडा पोळीला, पावाला लागतो, वाया जात नाही. पण ते बटर खारट असतं आणि केकवर ती चव लपत नाही. आम्ही घरचं लोणी घेतलं. त्यात मीठ नसतंच. फक्त ताक पूर्ण निघेपर्यंत थंड पाण्यात चार-पाच वेळा धुवायचं आणि मग कापडात घट्ट दाबून पाणी काढायचं. पाणी राहिलं तर साखर विरघळते आणि फ्रॉस्टिंग फुटतं. घरचं लोणीही मी फुकट धरलं नाही. त्याचं तूप झालं असतं. किलोला पाचशे धरले तर ११७ ग्रॅमचे ५९.

सासूबाईंना एवढं लोणी केकवर थापलेलं बघवलं नाही. "यापरीस डालडा लावा," म्हणाल्या. एकेकाळी तालुक्याच्या बेकऱ्यांतले केकवरचे गुलाब डालड्याचेच असायचे. घट्ट, उन्हातही उभे राहणारे आणि टाळूला मेणासारखे चिकटणारे. आजही ते सगळ्यात स्वस्त पडेल. केकभर फ्रॉस्टिंगला तीस-पस्तीस रुपये. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकं ते वाईटही राहिलेलं नाही. पण चव तीच आहे, आणि वाढदिवस मुलीचा होता.

केक असा पडला: खालचा ५५, गॅस ५, पाक २, लोणी-साखर ६९, पुठ्ठा १२, कोन ५. एकूण १४८. आर्णीची फेरी नाही, वाया जाणारं पाकीट नाही. कापूस वेचायचा सोडून केलेल्या अर्ध्या दिवसाचे दोनशे चढवले तरी ३४८. केकवरचा जीएसटीही त्याच सप्टेंबरात १८ वरून ५ वर आला होता, पण आर्णीत आम्ही घेतो तिथला भाव ५०० च होता. वर्षाला चाळीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या छोट्या दुकानाला जीएसटीची नोंदणीच लागत नाही, तेव्हा सगळीकडे भाव उतरेल ही अपेक्षाही चूक.

उन्हाळ्यात क्रीमला पर्याय म्हणून धाकटी आता खव्याचा थर देते. पाव किलो खवा, दोन-तीन चमचे साखर, मऊ होईल इतकं दूध. म्हशीच्या सव्वा लिटर दुधाचा पाव किलो खवा होतो. दुधाचे पैसे धरले तर सत्तरच्या आसपास जातात, म्हणजे क्रीमच्या वापरलेल्या किमतीपेक्षा थोडे कमीच, आणि उरत काही नाही. त्याची फुलं काढता येत नाहीत, बाजू झाकल्या जात नाहीत, फक्त मध्ये आणि वर पसरतो. पण पाघळत नाही. त्याच दिवशी खाऊन संपवायचा, कारण उन्हाळ्यात खवा रात्रीतून आंबतो.

आता तिच्याकडे गावातून ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. विकायचं म्हटल्यावर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. आम्ही केली तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला ती वर्षाला शंभर रुपयांत होत होती आणि तालुक्याच्या सेवा केंद्रातून अर्ज करता येत होता. ती झाली. भाव आम्ही दोघींनी बसून ठरवले. हिवाळ्यात लोण्याचा केक किलोला ४००. त्यातून सामान आणि अर्ध्या दिवसाची वेचाई निघून पन्नासेक रुपये उरतात. पाकिटाच्या क्रीमचा केक ४५०, पण एका आठवड्यात तीन ऑर्डरी जमल्या तरच, नाहीतर सरळ नाही म्हणायचं. मार्च ते जून क्रीम बंद. खव्याचा ३५० आणि साधा १८०. साधा केक डब्यासकट नेला तर डबा दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचा. त्याची नोंद सासूबाई ठेवतात.